चौकशी, बोला

बाबा गेल्यावर आता घरात बोलणारं कोणी उरलं नाही, असं भेटायला येणारे आईचा हात हातात घेऊन सांगत. ते सांगत असताना त्यांच्या डोक्यावरच्या कपाटावर बसून बाबांची डबी हिरवा दिवा मिचकावत असे. तिला ते पटत नसावं.

डबी साबणाच्या वडीएवढी, काळी, पाठीमागून दोन वायरी निघालेली. बाबांनी तिचं नाव ‘चौकशी’ ठेवलं होतं, आणि त्याला कारण होतं. त्यांची उभी नोकरी टेलिफोन खात्याच्या चौकशी विभागात गेली. लोक फोन करून नाव सांगत, बाबा त्या नावाचा नंबर सांगत. ‘चौकशी, बोला’ हे दोन शब्द त्यांच्या जिभेला इतके चिकटले होते की घरचा फोनही ते तसाच उचलत, आणि थोरल्या लेकीच्या मैत्रिणी घाबरून तो खाली ठेवत. “उत्तम,” बाबा म्हणत. “आता अभ्यास होईल.”

पुढे सगळ्यांचे नंबर सगळ्यांच्या खिशात राहायला लागले. खात्याने चौकशी विभाग बंद केला आणि बाबांना भिंतीवरचं एक घड्याळ देऊन घरी पाठवलं. ज्याला आता कुठेच वेळेवर पोचायचं नाही त्याला घड्याळ देण्यामागे विचार काय, याची चौकशी बाबा बरेच दिवस करत होते.

मग त्यांना शोध लागला की इंटरनेट म्हणजे आपलंच जुनं खातं आहे. माणूस एखाद्या साइटचं नाव टाइप करतो. यंत्राला नावं कळत नाहीत, नंबर कळतात. म्हणून ते आधी कोणाला तरी विचारतं, या नावाचा नंबर काय? उत्तर मिळाल्याशिवाय जागचं हलत नाही. या विचारण्याला डीएनएस म्हणतात हे कळल्यावर बाबा म्हणाले, “माणसं काढली आणि नाव इंग्रजी ठेवलं. बाकी टेबल तेच.” आणि निवृत्त माणसालाच परवडणाऱ्या उत्साहाने त्यांनी यंत्र चालवणारी लिनक्स नावाची प्रणाली शिकून घेतली आणि बंद पडलेला विभाग घरातल्या कपाटावर पुन्हा उघडला. घरातली सगळी यंत्रं नंबर डबीला विचारू लागली. डबीला ठाऊक नसेल तर ती बाहेर इंटरनेट कंपनीला विचारून सांगे.

पण काही नावांचा खरा नंबर डबी देतच नसे. स्वतःचाच देई. मग मागितलेल्या साइटच्या जागी एक पांढरं पान उघडे, आणि त्या पानावर बाबा.

पडद्यांच्या दुकानाचं नाव टाकलं की यायचं: ‘पडदे आहेत. खिडक्या वाढल्या का?’ हे आईसाठी. दिवसभर बातम्या ओरडणाऱ्या साइटवर: ‘ओरडायला घरात माणसं आहेत.’ हे त्यांनी स्वतःसाठी लिहिलं होतं. पत्त्यांच्या खेळावर: ‘काम संपलं? दाखवा.’ हे थोरलीसाठी. असलं सोंगाचं पान ब्राउझर सहसा उघडू देत नाही, सही कोणाची म्हणून अडून बसतो. तेव्हा बाबांनी आपल्याच सहीचं एक प्रमाणपत्र आपल्यालाच दिलं आणि ते घरातल्या यंत्रांवर चढवून ठेवलं. खात्याने दिलं घड्याळ. प्रमाणपत्र माणसाला घरीच मिळवावं लागतं.

थोरली वकिलांच्या एका मोठ्या कचेरीसाठी भाषांतरं करी. कचेरी दुसऱ्या शहरात होती. बाबांचं दुखणं निघालं तेव्हा ती ‘थोडे दिवस’ घरून काम करते असं सांगून आली. तिचा लॅपटॉप बघून बाबांनी “यावर काय, मुंग्यांचं भाषांतर करता?” असं विचारलं आणि आपला मोठ्या स्क्रीनचा डेस्कटॉप तिच्या हवाली केला. “घ्या बाईसाहेब, सिंहासन. पाय मात्र खाली सोडून बसा.” कचेरीने त्या यंत्रावर आपलं व्हीपीएन बसवलं. म्हणजे यंत्रापासून कचेरीपर्यंत एक बंद बोगदा: जे काही बाहेर जाईल ते बोगद्यातून जाईल आणि वाटेत कोणाला दिसणार नाही. यंत्र सुरू तर बोगदा सुरू, असा नियम. आता बाबा गेले होते, तरी थोरलीचे थोडे दिवस संपले नव्हते. आई होती.

आणि अशात कचेरीने एक सुरक्षा तपासनीस नेमला.

तो तरुण होता, अदबशीर होता आणि व्हिडिओ कॉलवर त्याच्या पाठीमागे पुस्तकांचं असं कपाट दिसे की त्यातलं एकही पुस्तक जागचं हललेलं नसे. थोरली त्याला मनातल्या मनात पहारेकरी म्हणे.

“मॅडम, मी पाठवलेलं पान उघडा. काय दिसतंय?”

“एक नकाशा. आणि एका कंपनीचं नाव.”

“कुठल्या?”

“जिचा माणूस ‘आत्ता निघालोच’ म्हणून सांगतो आणि परवा उगवतो, ती. आमची इंटरनेट कंपनी.”

“तिथे आमचं नाव यायला हवं होतं.” पहारेकऱ्याने चष्मा सारखा केला. “म्हणजे तुमची गळती आहे.”

थोरलीने आढ्याकडे पाहिलं.

“डीएनएसची,” तो घाईने म्हणाला. “असं बघा. तुम्ही बंद गाडीतून जाता. गाडीत कोण, काय, काही दिसत नाही. पण बसण्याआधी चौकात उभं राहून मोठ्यांदा विचारता, अहो, अमका कारखाना कुठे आहे हो?”

“आणि चौकातला माणूस सांगतो.”

“सांगतो, आणि लक्षातही ठेवतो. तुम्ही कागदात काय लिहिलंत हे त्याला नाही कळत. पण आमची भाषांतरकार सध्या रोज कुठल्या कारखान्याची माहिती काढतेय हे कळतं. त्यावरून खटला कोणावर होणार, हेही कळतं.”

“थोडक्यात, पुढच्या दाराला सात कुलपं आणि मागचं दार सताड.”

“अगदी तसं.” त्याला उपमा आवडली असावी, कारण त्याने ती लिहून घेतली. मग आवाज उतरवून म्हणाला, “पुढच्या तपासणीपर्यंत हे बंद व्हायला हवं. नाहीतर नियमाप्रमाणे घरून काम बंद. इथे येऊन बसावं लागेल.”

“माझी आई या शहरात आहे.”

“हो, कळलं मला. पण नियमात आईचा रकाना नाही, मॅडम.” मग त्याने पुस्ती जोडली, “मी शोधला.”

कॉल संपला तरी नकाशा समोरच होता. नोकरीची काळजी होतीच. पण त्या काळजीला ढकलून दुसरंच काहीतरी पुढे येत होतं.

बाबांच्या दुखण्यात डॉक्टर अर्धं बोलत आणि उरलेलं अर्धं छताला सांगत. ते उरलेलं थोरली आजारांच्या ज्ञानकोशात शोधी. नाव टाकलं की लक्षणं, टप्पे, पुढे काय होतं, सगळं तिथे शिस्तीत मांडलेलं असे. बाबांना कळू नये म्हणून ती आईच्या फोनवर नाही, मुद्दाम याच यंत्रावर बसे. बोगदा होता ना. कोणाला दिसणार? केवढी हुशारी. आणि एके दिवशी तिथे ज्ञानकोश उघडलाच नाही. पांढरं पान उघडलं.

‘आजार माझा आहे. मला विचारा.’

तिला तेव्हा वाटलं होतं, बापाचं मन आहे, न सांगता ओळखलं असेल. तिने पान बंद केलं होतं, आतल्या खोलीत गेली होती आणि विचारलं होतं, उशी जरा उंच करू का. तेवढंच. बाबा म्हणाले होते, “करा. उशीला तरी वर जाऊ द्या.”

बापाच्या मनाचा वगैरे काही संबंध नव्हता. ती रोज चौकात उभी राहून मोठ्यांदा विचारत होती, आणि चौकात बाबा बसले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कामाला लागली. लिनक्समध्ये नंबर कोणाला विचारायचा हे एका इवल्याशा फाइलीत लिहिलेलं असतं. बोगदा सुरू झाला की त्याने त्या फाइलीत कचेरीचा पत्ता लिहायचा, बंद झाला की पुसायचा, अशी रीत. थोरलीने फाइल उघडली. आत डबीचा पत्ता होता आणि त्याच्या वर एक सूचना.

‘चौकशी घरातच करावी. बदल करावयाचा असल्यास आधी मला विचारावे.’

बाबा बोलायचे माणसासारखं, पण सूचना लिहायला बसले की त्यांच्यात खातं संचारे. थोरलीने विचारलं नाही. ती सोय राहिली नव्हती. तिने डबीचा पत्ता खोडला, कचेरीचा लिहिला आणि फाइल ठेवायला गेली. यंत्र म्हणालं, परवानगी नाही.

लिनक्समध्ये रूट नावाचा एक सर्वाधिकारी असतो. पासवर्ड दिला की आपण रूट होतो आणि मग यंत्र हूं की चूं करत नाही. थोरली रूट झाली. यंत्र म्हणालं, परवानगी नाही.

तिने पहारेकऱ्याला फोन लावला.

“तुम्ही रूट झालात ना?”

“झाले.”

“मग यंत्र नाही म्हणूच शकत नाही.”

“म्हणतंय.”

“असं होत नाही, मॅडम. यंत्र कोणाचं आहे?”

“वडिलांचं.”

“असं सांगा ना मग.” तो पहिल्यांदाच हसला. नंतर त्याला आठवलं असावं, थोरलीने रजा कशासाठी घेतली होती ते. हसू तिथेच विझलं. “म्हणजे… एक आज्ञा देतो, ती चालवा. काय येतंय वाचा.”

थोरलीने वाचलं. आडव्या रेघाच रेघा, आणि मध्ये एक इंग्रजी ‘आय’.

“हां! कुलूप आहे. खास कुलूप. हे लावलं की सर्वाधिकाऱ्यालासुद्धा फाइल बदलता येत नाही, आधी कुलूप काढावं लागतं. व्हीपीएन रोज येतं, आमचा पत्ता लिहायला जातं, कुलूप बघतं आणि मुकाट परत फिरतं. तक्रारही करत नाही.”

“आमच्या घरी येणारे सगळे असंच करत.”

“फाइलीची तारीख बघा. व्हीपीएन बसवलं त्याच्या दुसऱ्याच दिवशीची आहे. त्यांनी का केलं असेल हो असं?”

थोरलीला ठाऊक होतं का ते. ज्याने गावभराला नंबर सांगितले, त्याच्या घरात, त्याच्या खुर्चीत बसून, त्याच्याच लेकीने परक्या खात्याला नंबर विचारावा? बाबांच्या लेखी ही गळती नव्हतीच. बोगदा हीच गळती होती, आणि ती त्यांनी शिस्तीत बुजवली होती. पण हे नियमात कुठल्या रकान्यात बसवायचं?

“सवय होती त्यांना,” ती म्हणाली. “कुलपांची.”

संध्याकाळी धाकट्या भावाचा फोन आला. तो लांब राही, आणि लांब राहणाऱ्यांना सगळी कामं दहा मिनिटांची दिसतात.

“ताई, दहा मिनिटांचं काम आहे. ती डबी उपट, ते यंत्र भंगारात दे, नवीन आण. बाबांचा पसारा किती दिवस ठेवणार?”

“तू ये आणि उपट.”

“मला कुठली सुट्टी?”

“मग डबीलाही नाही.”

“तू अगदी त्यांच्यासारखी बोलायला लागलीयेस हां.”

“कोणीतरी बोलायला हवं,” थोरली म्हणाली आणि आईला फोन दिला. आई त्याच्याशी जेवलास का, झोपलास का, एवढंच बोलली. ती हल्ली सगळ्यांशी तेवढंच बोले.

कुलूप एका ओळीच्या आज्ञेने निघालं. काढताना काही आवाज झाला नाही, कुठे पाटी आली नाही. तिने ती फाइल पुसली आणि काम यंत्राच्या स्वतःच्या कारकुनाकडे सोपवलं. हा कारकून यंत्रात पहिल्यापासून बसलेला असतो. बाबांनी त्याला बिनकामाचा करून ठेवला होता. कुठल्या वाटेने जाताना नंबर कोणाला विचारायचा, याचा हिशेब तो वाटेगणिक वेगळा ठेवतो. थोरलीने त्याला बजावलं, बोगदा सुरू असताना सगळी नावं बोगद्यालाच विचारायची, घरच्या वाटेवर ब्रही काढायचा नाही. मग तपासणीचं पान उघडलं. कचेरीचं नाव आलं. आणि त्याच्या खाली, लग्नाला न बोलावता आलेल्या पाहुण्यासारखं, इंटरनेट कंपनीचं.

“नव्या पद्धतीचे ते लांबलचक पत्ते असतात ना, त्यांची वाट वेगळी,” पहारेकऱ्याने निरोप पाठवला. “तुमचं राउटर त्या वाटेने गुपचूप आपला पत्ता पुढे करतंय. तिकडेही दार लावा.”

तिने तिकडेही लावलं. आता नकाशावर फक्त कचेरी होती. गळती बंद. ‘वा, बाईसाहेब,’ असं कोणी म्हणालं नाही. थोरलीने चहा ठेवला.

यंत्रावर आईचं वेगळं खातं होतं. सकाळी थोरली अंघोळीला गेली की आई तिथे बसे. पडदे बघते म्हणे. थोरलीला वाटे, बरं आहे, मन रमतंय.

“अगं, इकडे ये,” दुसऱ्या दिवशी सकाळी आईची हाक आली. “हे काय झालंय बघ.”

थोरली केस पुसत आली. स्क्रीनवर पडदे होते. फुलांचे, रेघांचे, जाळीचे, दोनावर एक मोफत.

“पडदे आहेत की.”

“ते दिसतंय मला.”

“मग घे ना. निळे छान आहेत.”

“मला कशाला हवेत पडदे?” आई जवळजवळ चिडून म्हणाली. “खिडक्या काय वाढल्यात?”

थोरलीच्या हातातला टॉवेल थांबला.

“मग रोज इथे बसून करतेस काय?”

“बोलणी खाते,” आई म्हणाली. हिशेब विचारल्यावर खर्च सांगावा तशी. “ते गेल्यापासून मला कोणी टोमणा मारलेला नाही. जो तो गोड बोलतो. ‘काकू, जपा. काकू, बसा.’ अंगावर येतं ते. इथे येऊन नाव टाकलं की कसं, एक फटका बसायचा. मग दिवस सुरू व्हायचा.” तिने पुन्हा नाव टाकलं. पुन्हा पडदे आले. “बिघडलं का काही?”

“बिघडलं नाही, आई. दुरुस्त केलं मी.” आणि तिने समजावून सांगितलं. चौक, बोगदा, मागचं दार. आईने सगळं नीट ऐकून घेतलं. टेलिफोन खात्याच्या माणसाबरोबर संसार केलेला. तिला नाव आणि नंबर समजावावे लागत नव्हते.

“म्हणजे यंत्र आता त्यांना विचारतच नाही.”

“नाही विचारत. विचारलं तर माझं घरून काम बंद होईल. मला जावं लागेल.”

आईने ते पान बंद केलं, खुर्ची सरकवून उठली आणि खिडकीचा पडदा बोटांत धरून त्याची किनार बघू लागली.

“राहू दे,” ती म्हणाली. “तू राहा. त्यांचं काय, त्यांनी पुष्कळ बोलून घेतलंय.”

याला समजूतदारपणा म्हणतात. थोरलीला त्या क्षणी कोणी समजूतदारपणावर दोन शब्द बोलायला सांगितलं असतं, तर ते छापण्याजोगे निघाले नसते.

त्या दुपारी तिने भाषांतर बाजूला ठेवलं आणि कारकुनाची माहिती-पुस्तिका वाचायला घेतली. असल्या पुस्तिका ज्याला सगळं आधीच येतं त्याच्यासाठी लिहिलेल्या असतात; तरी ती चिकटून राहिली. आणि अर्ध्या वाटेवर तिला पाहिजे ते सापडलं. कारकुनाला वाटेगणिकच नाही, नावागणिकही सांगून ठेवता येत होतं. सगळी नावं बोगद्याला, पण अमकं नाव आलं की मात्र घरच्या डबीला.

म्हणजे बुजवलेल्या भिंतीला पुन्हा भोक पाडायचं. तिने पेन टेकवून विचार केला. पहारेकऱ्याचं दुखणं काय? नाव घराबाहेर जातं, हे. पण टोमण्यांची नावं बाहेर जातच नव्हती. डबीला त्यांचं उत्तर तोंडपाठ होतं. ती कंपनीला विचारायलाच जात नसे. पडद्यांच्या दुकानाचं नाव या खोलीतून निघून कपाटापर्यंत जाई आणि बोलणी घेऊन परत येई. घरातल्या घरात. याला गळती म्हणायचं तर मग संसारालाही म्हणावं लागेल.

तिने पडद्यांच्या दुकानाचं नाव लिहिलं.

मग थांबून, दुसरंच एक नाव टाकून बघितलं. आजारांचा ज्ञानकोश आज सरळ उघडला. त्याला आता कोण अडवणार? तिने तेव्हा अर्धवट सोडलेलं सगळं तिथे होतं. टप्पे होते. शेवटच्या आठवड्यांत घरच्यांनी काय करावं, असं एक ठळक मथळ्याचं प्रकरणही होतं. पहिलाच सल्ला होता, रुग्णाशी मोकळेपणाने बोला.

थोरलीने पान बंद केलं आणि पडद्यांच्या खाली ते नाव लिहिलं.

वर बाबांची जुनी सूचना आठवून उतरवली, ‘करावी’ आणि ‘विचारावे’सकट. फाइल ठेवली. आणि तिला कुलूप लावलं. घराणं आहे, त्याला तिचा इलाज नव्हता.

तपासणीच्या दिवशी पहारेकरी इस्त्री केलेल्या शर्टात आला. त्याच्या मागची पुस्तकं तशीच होती. तपासणीच्या पानावर फक्त कचेरीचं नाव उमटलं तेव्हा त्याने मान डोलावली, मग त्याची नजर कारकुनाच्या फाइलीवर गेली.

“हे काय, मॅडम? दोन अपवाद?”

“दोन.”

“पडद्यांचं दुकान?”

“आईसाठी.”

“त्यांना पडदे घ्यायचेत?”

“घ्यायचे नाहीत. म्हणूनच.”

पहारेकरी ज्या गोष्टीला रकाना नाही तिच्याशी वाद घालत नसे. त्याने थोरलीला एक प्रोग्रॅम सुरू करायला लावला, जो तारेवर कान लावून बसतो आणि कोणी कोणाला काय विचारलं ते मोठ्यांदा सांगतो. “आता उघडा ते दुकान.”

तिने उघडलं. स्क्रीन त्यालाही दिसत होती. ‘पडदे आहेत. खिडक्या वाढल्या का?’ पहारेकऱ्याच्या घशातून आलेला आवाज खोकला होता असं दोघांनीही धरून चाललं.

“हे कोणी लिहिलंय?”

“कुलूपवाल्यांनी.”

“नाव डबीपाशीच थांबलंय,” तो तारेकडे बघत म्हणाला. “पुढे कुठे गेलेलं नाही. दुसरं उघडा.”

तिने दुसरं उघडलं.

पहारेकऱ्याने ते वाचलं. मग चष्मा काढून पुसला.

“हेही आईसाठी?”

“नाही.”

“बरं.” त्याने काहीतरी टाइप केलं. “बाहेर एकही नाव गेलेलं नाही. गळती नाही. तुम्ही घरून काम करू शकता.” आणखी काही टाइप केलं. “अपवादांपुढे एक रकाना भरावा लागतो. परवानगी कोणाची?”

“अपवादांना रकाना आहे?”

“त्यांना आहे.”

“वडिलांची लिहा.”

“त्यांना विचारलं होतं…” तो नियमाप्रमाणे पुढचा प्रश्न वाचत होता. अर्ध्यावर त्याच्या ध्यानात आलं आणि कान लाल झाले. “सॉरी, मॅडम. तसं छापलेलंच आहे इथे.”

“नाही,” थोरली म्हणाली. “विचारायचं राहिलं.”

त्याने काय भरलं ते तिने बघितलं नाही.

कॉल संपतो न संपतो तोच आई हात पुसत दारात आली. “झालं का तुझ्या त्या फौजदाराचं? जातेयस की राहतेयस?”

“राहतेय.”

“मग ऊठ. किती वेळ खुर्ची अडवून बसायचं माणसाने.”

थोरली उठली. आई बसली, चष्मा नाकावर चढवला आणि एकेक अक्षर शोधत पडद्यांच्या दुकानाचं नाव टाकलं. तिची नजर कपाटावरच्या दिव्यावर होती. तो मिचकावला. पान उघडलं.

“नाही हो वाढल्या,” आई स्क्रीनला म्हणाली. “आहेत तेवढ्याच आहेत. त्यांचेच पडदे धुवायला झालेत, ते कोणाला दिसत नाही. नुसतं बोलायला सांगा.”

मग ती थोरलीकडे वळली. “आणि तू काय बघत उभी राहिलीस? काम संपलं? दाखव.”